लॉक नसलेला कॅमेरा

‘अगं, फोन बिघडला का तुझा?’

गेल्या महिनाभरात हा प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला असेल. धरमपेठेतल्या कॉफी शॉपमध्ये, बर्डीच्या गर्दीत, मेट्रोमध्ये, अगदी कॉलनीच्या गणपतीतसुद्धा. कारण एकच. जिथे सगळे खिशातून फोन काढत होते, तिथे मी पर्समधून साबणाच्या वडीएवढी एक चंदेरी डबी काढत होते. बटण दाबलं की ‘झुंई’ आवाज करत लेन्स बाहेर यायची आणि आजूबाजूचे चार जण वळून बघायचे. बजाजनगरमध्ये तर्री-पोहे खाताना तर पोहेवाले दादा झारा हातात धरूनच म्हणाले, ‘ताई, हा अजून मिळते?’

मिळतो, दादा. आणि हल्ली जरा जोरातच मिळतो!

त्याचं असं झालं. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत असलेल्या मैत्रिणीचा फोन आला. ‘बोनस आला आहे. सगळ्या पोरी डिजिकॅम घेऊन राहिल्या. मी घेऊ का? रोज वापरला जाईल का, की ट्रेडमिलसारखा कपडे वाळत घालायला?’ प्रश्न रास्त होता. म्हणून एक महिना ठरवून टाकला. पोळ्याच्या आधीपासून गणपती विसर्जनापर्यंत. परीक्षेला तीन उमेदवार. पहिला, बाबांनी २००६ मध्ये घेतलेला सहा मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट, जो कपाटात लग्नाच्या अल्बमखाली सापडला. दुसरा, एका फोटोग्राफर मित्राकडून उसना आणलेला एक इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट. आणि तिसरा, माझा फोन.

थोडा फ्लॅशबॅक

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असा एक कॅमेरा येऊन गेला आहे. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर फोटो लगेच दिसायला लागला. २००० मध्ये कॅननने डिजिटल इक्सस आणला. दोन मेगापिक्सेल, पण शर्टाच्या खिशात मावणारा. २००२ मध्ये कॅसिओचीच एक्झिलिम आली, जाडी फक्त ११.३ मिलिमीटर! मग काय, कोणाची डबी जास्त बारीक आणि कोणाचे मेगापिक्सेल जास्त, अशी रेसच लागली.

जपानच्या कॅमेरा कंपन्यांची सीआयपीए नावाची संघटना दरवर्षी आकडे जाहीर करते. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले. त्यातले बहुतेक हेच, लेन्स न बदलता येणारे. २०२३ पर्यंत या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा १७ लाखांच्या आसपास घसरला होता. कॅसिओने तर २०१८ मध्येच दुकान आवरलं. मारेकरी कोण, हे सांगायला नको. तो या क्षणी तुमच्या हातात असण्याची शक्यता बरीच आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२४ मध्ये हाच आकडा पुन्हा १८ लाखांच्या वर गेला. २०२५ मध्ये तर कॅननने २०१६ चं एक जुनं मॉडेल किरकोळ बदल करून परत बाजारात आणलं. ज्या पिढीने आयुष्यात पहिला फोटो फोननेच काढला, तीच आता मोठ्या भावंडांचे टाकलेले कॅमेरे शोधत फिरते आहे.

आधी कागदावरचा हिशोब

कॅमेरा घेताना पहिला प्रश्न येतो, ‘किती मेगापिक्सेल?’ हा प्रश्न आता सोडून द्या. चार बाय सहा इंचाची छान प्रिंट काढायला दोन मेगापिक्सेलपेक्षा किंचित जास्त पुरतात. बाबांच्या कॅमेऱ्याचे सहा मेगापिक्सेल त्यासाठी चिक्कार झाले.

खरा प्रश्न आहे सेन्सरच्या आकाराचा. सेन्सर म्हणजे प्रकाश गोळा करायची परात. परात मोठी, तर अंधारातही जास्त प्रकाश हाती लागतो. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. ‘एक इंच’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. इंच कुठे आहे ते शोधू नका, ते जुन्या नळ्यांच्या काळातलं नाव आहे. पण क्षेत्रफळ छोट्या सेन्सरच्या चौपटीहून जास्त. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० काढला तो हाच सेन्सर घेऊन, आणि सगळी बॅटरी-बिटरी धरून वजन २४० ग्रॅम. रिकोच्या जीआर मालिकेने २०१३ पासून त्याहूनही मोठा, एपीएस-सी सेन्सर खिशात बसवला, पण तिथे झूमच नाही. पाय हाच झूम!

आता कडू सत्य. आजच्या चांगल्या फोनमधला सेन्सर बाबांच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो. जुन्या कॅमेऱ्यात अशी जादू नाही. तेव्हा ‘जुन्या कॅमेऱ्याची क्वालिटी फोनपेक्षा भारी’ असं कोणी रीलमध्ये सांगत असेल, तर हसून पुढे सरका. वेगळी आहे, भारी नाही.

खिशाची परीक्षा

रोज वापरायचा कॅमेरा घराबाहेर पडताना आठवला पाहिजे आणि दिवसभर जड वाटला नाही पाहिजे. बाबांची डबी जीन्सच्या पुढच्या खिशात मावली. एक इंचवाला मावला, पण बसताना टोचला. तो पर्समध्ये किंवा जॅकेटच्या खिशात ठीक. म्हणजे नागपुरात डिसेंबर-जानेवारीत!

दुसरी गोष्ट, जागं व्हायला लागणारा वेळ. बाबांचा कॅमेरा बटण दाबल्यावर दोनएक सेकंदांनी तयार होतो. ऐकायला कमी वाटतं. शेजारच्या छोटूने तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेताना मध्येच थांबून बैलाला स्वतःच्या हातातली जिलेबी भरवली, तेव्हा ते दोन सेकंद मला दोन तासांसारखे वाटले. लेन्स बाहेर आली तोवर जिलेबी छोटूच्याच तोंडात होती.

त्याच दिवशी मारबत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत चालू घडामोडींची खिल्ली उडवणारे बडगे. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही मिरवणूक, आणि इतवारीत मुंगीलाही जागा नसते. इथे कळलं की गर्दीत कॅमेरा धरणं म्हणजे काय. फोन दोन हातांनी वर धरला की कोपर कोणाच्या तरी नाकात जातं, आणि फोन पडायची धाकधूक वेगळीच. छोटा कॅमेरा मनगटाच्या दोरीत अडकवला, एका हाताने वर केला, बोटाखाली खरंखुरं बटण. घाम आलेल्या बोटालाही ते बरोब्बर सापडतं.

आणि एक जुनी युक्ती पुन्हा शिकले. बटण अर्धं दाबून ठेवायचं. कॅमेरा तेवढ्यात फोकस करून तयार राहतो. हवा तो क्षण आला की उरलेलं अर्धं दाबायचं. जुने कॅमेरे ‘स्लो’ वाटतात ते बरेचदा आपण एका दमात बटण खाली ढोसतो म्हणून. अर्धं दाबायची सवय लागली आणि माझे हुकलेले फोटो निम्म्यावर आले. छोटू, पुढच्या वर्षी बघते तुला!

रात्र, फ्लॅश आणि ऊन

रात्री फुटाळ्यावर तिघांचीही परीक्षा घेतली. पाणी, दिवे, कणीसवाल्याची शेगडी. फोन पहिला, एक इंचवाला त्याच्या अगदी मागे. बाबांचा कॅमेरा? काळोख आणि त्यात रवा सांडल्यासारखे ठिपके.

पण माणसं मध्ये आली आणि निकाल फिरला. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडी, छोटा टॉर्चच. जुन्या कॅमेऱ्यात झेनॉनचा फ्लॅश असतो. तो सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यात लखकन चमकतो, त्यामुळे नाचणारा माणूसही थिजल्यासारखा स्पष्ट येतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलावर टिपरू पडताना हवेत उडालेला गुलाल बाबांच्या कॅमेऱ्याने असा पकडला की मित्राचा महागडा कॅमेराही बघत राहिला. डिजिकॅमचा जो ‘लूक’ म्हणतात ना, तो मुख्यतः या फ्लॅशचाच आहे. चेहरे उजळ, मागे अंधार. कधी डोळे लाल, कारण फ्लॅश लेन्सला फार चिकटून असतो.

आता आपला खास विषय, ऊन. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात वापराचं तापमान ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नसावं! आपला पारा ४५ च्या वर जाणं ही काही बातमी नाही. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने थेट ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडलाय. केंद्राचा सेन्सर गेला, तुमचा जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात कॅमेरा स्कूटीच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही, एवढं पाळा. सगळ्यात आधी वाट लागते ती बॅटरीची.

जंगलात मात्र लागतोच

नागपूरकरांच्या बाबतीत कॅमेऱ्याची एक बाजू भक्कम आहे. आपला वीकेंड जंगलात जातो. ताडोब्यात सफारीला मोबाइल नेण्यावर २०१८ पासून बंदी आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली. म्हणजे जंगलातली आठवण हवी असेल, तर कॅमेराच हवा.

पण फसू नका. तीनपट झूमचा कॅमेरा वाघाला ‘गवतातला नारिंगी ठिपका’ करून टाकतो. त्यासाठी तीसपट झूमचे ‘ट्रॅव्हल झूम’ कॉम्पॅक्ट वेगळे असतात. आणि पाहायचा तो ऑप्टिकल झूम. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरी बसूनही करता येतं.

जुन्या कार्डात काय निघालं

इथवर मी मैत्रिणीला उत्तर टाइप करायला घेतलं होतं, ‘फोनच बरा, बोनस एसआयपीत टाक.’ मग एका रविवारी बाबांच्या कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं. ५१२ एमबीचं कार्ड, १८७ फोटो.

रामटेकची ट्रिप. बाबांची नवी स्कूटर, हाराआडून डोकावणारी. केकचा फोटो, कापणाऱ्याचं डोकंच नाही. काही फोटो विचित्र होते. टेबलाचा खालचा भाग. आजीच्या साडीच्या निऱ्या आणि वर कुठेतरी हनुवटी. सगळे कमरेच्या उंचीवरून काढलेले. दोन मिनिटांनी ट्यूब पेटली, हे माझेच आहेत! मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मग फोटो बघायची पद्धतच बदलली. हा उंचावरून काढलेला, म्हणजे काका. हा वाकडा, म्हणजे बाबा, त्यांचं क्षितिज नेहमीच डावीकडे कलतं. आणि हे, ज्यांत कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, ते आईचे. बाबा दाढी करताना. मी आणि आजी एकाच पांघरुणात. आई कोणाला ‘स्माइल’ म्हणायची नाही. गुपचूप काढायची.

मग मी माझा फोन उघडला. चौदा हजारांवर फोटो. सगळे एकाच उंचीवरून, माझ्या. आईचे फोटो शेकड्यांनी. आईने काढलेले? शोधून शोधून अकरा. त्यातले सात मीच पोझ देऊन काढून घेतलेले.

आईचा स्वतःचा फोन आहे, पण त्यात ती फोटो काढत नाही. ‘मेमरी फुल दाखवते’ म्हणते. माझ्या फोनला ती हातच लावत नाही. त्याला लॉक आहे, त्यात माझे मेसेज आहेत, ऑफिसचे मेल आहेत. खरं सांगायचं तर ती हातात घेते तेव्हा माझाही जीव वरखाली होतो. फोन एका माणसाचा असतो. तो कॅमेरा घराचा होता. टीव्हीच्या शेजारी पडलेला असायचा, ज्याला वाटेल तो उचलायचा. मधल्या इतक्या वर्षांत आमच्या घरात आईला काय दिसलं, याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

त्या संध्याकाळी मी कॅमेरा चार्ज करून टीव्हीजवळ ठेवून दिला. काही बोलले नाही. आईने विचारलं, ‘याला नंबर नाही ना टाकावा लागत?’ नाही. ‘आणि बिघडला तर?’ बाबा पेपरमधून म्हणाले, ‘वीस वर्षं चालला, आता काय बिघडते!’

आठ दिवसांनी कार्ड पाहिलं. ४३ फोटो. उकडीच्या मोदकांचं ताट, एक फुटलेला, मुद्दाम पुढे ठेवलेला. गॅलरीत वाळणाऱ्या बाबांच्या बनियनवर बसलेली चिमणी. पेपर तोंडावर घेऊन झोपलेले बाबा. आणि एक माझा. रात्रीचा, मागून काढलेला. खांदे वर ओढलेले, मान पुढे, लॅपटॉपचा निळा उजेड, बाजूला न प्यायलेला चहा. मला वाटायचं, घरून काम करते म्हणजे मी घरच्यांना दिसत असते. आईला माझी पाठ दिसते.

तो फोटो तांत्रिकदृष्ट्या बेकार आहे. हललेला, रवाळ. मी त्याची चार बाय सहाची प्रिंट काढली आहे. आणि रात्री नऊनंतर लॅपटॉप बंद करायचा प्रयत्न चालू आहे.

सेकंडहँड घेताय? मग हे बघाच

– कार्ड : २००६ च्या आसपासचे आणि त्याआधीचे बरेच कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड ओळखतात. मोठं कार्ड टाकून ‘कॅमेरा खराब’ म्हणू नका. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीमध्ये एक्सडी, जुन्या सोनीत मेमरी स्टिक लागते. आधी कार्ड मिळतंय का बघा, मग कॅमेरा घ्या.

– बॅटरी : कंपनीची मूळ बॅटरी इतक्या वर्षांनी बहुधा दम तोडते. त्या नंबरची नवी मिळते का, हे आधी विचारा. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा जाड असतो, पण त्याचं अन्न किराणा दुकानातही मिळतं. रोजच्या वापराला रिचार्जेबल सेल घ्या.

– लेन्स : चालू-बंद दहा वेळा करा. आत-बाहेर जाताना अडकली, करकरली तर नमस्कार करून परत द्या.

– डाग : पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूम करून काढा. दर फोटोत त्याच जागी करडा ठिपका आला, तर आत धूळ गेली आहे.

– बुरशी : टॉर्च मारून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा. आपल्या पावसाळ्याची कृपा.

– किंमत : ‘व्हिंटेज’ हा शब्द ऐकू आला की भाव निम्मा करून बोलायला सुरुवात करा.

फायनल निकाल

रोजच्या फोटोंच्या दर्जासाठी कॅमेरा हवा असेल, तर फोन पुरेसा आहे. पैसे वाचवा. फोटोग्राफीची खरी आवड असेल, झूम हवा असेल, प्रिंट काढणार असाल, तर एक इंच किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या. पण तो चांगल्या फोनच्या किमतीला जाऊन भिडतो, हे धरून चला. फक्त गंमत आणि फ्लॅशचा लूक हवा असेल, तर काहीही विकत घेण्याआधी घरातली कपाटं उघडा. माझं बिल झालं फक्त बर्डीवरून आणलेल्या नव्या बॅटरीचं.

बाबांचा कॅमेरा – खिसा : ५/५. वेग : २/५. रात्र : १/५. फ्लॅश : ५/५. घरातल्या कोणीही उचलावा : ५/५.

एक इंचवाला – खिसा : ३/५. वेग : ४/५. रात्र : ४/५. घरातल्या कोणीही उचलावा : २/५, कारण किंमत कळल्यावर आईने त्याला हात लावायला साफ नकार दिला.

फोन – बाकी सगळ्यात ४/५. शेवटच्या कॉलममध्ये शून्य.

मैत्रिणीला काय सांगितलं? तिच्या घरी दोन भाऊ, एक वहिनी, सहा वर्षांची भाची आणि आजी. म्हटलं, घे, पण स्वस्तातला घे आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवू नकोस. फ्रिजवर ठेव. महिन्याने कार्ड पाहा आणि मला कळव, कमरेच्या उंचीवरून तुझं घर कसं दिसतं.